दम धर म्हणाला होतास

लातूर, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे वाच. आज मी २५ मीटर फ्रीस्टाइल न थांबता पोहत गेलो. तोंड पाण्यात घालून! आप्पांच्या विहिरीवर काय झालं ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, म्हणून तुलाच लिहायलोय.

बारा-पंधरा मीटरवर जीव घुसमटायचा, मुंडी वर काढून उभा राहायचो. वाटायचं, वय झालं. कोच म्हणाले, "तुम्ही पाण्यात श्वास सोडतच नाही." खरंच की रे! सोडायचा आणि घ्यायचा, दोन्ही वर आल्यावर, पापणी लवेपर्यंत. घुसमट होते ती आत कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. आणि ही खोड तुझी! विहिरीत पाठीला बांधलेला डबा सुटला आणि तू पायरीवरून ओरडत होतास, "दम धर, दम धर!" तीस वर्षं धरलाय. (तू ढकललंसच. पाय घसरला नव्हता.)

आठ दिवस नुसती कड धरून बुडबुडे सोडले, नाकातून, 'हूंऽऽ' करत. मग एक हात पुढं लांब ठेवून कुशीवर पाय मारत जायचं. मान उचलली की कंबर खाली जाते, पाय बुडतात. म्हणून मान उचलायची नाही, खांद्यासोबत अंगच वळवायचं, झोपेत कूस बदलतो तसं. एक डोळा पाण्यातच. आज गॉगलमधून दोन्ही दिसलं, खाली निळी फरशी, वर पत्रे. आणि गालाशी पाण्यात एक खळगा. डोक्यापुढं लाट उठते आणि तोंडापाशी पाणी खाली बसतं, श्वास तिथंच घ्यायचा. घेतला. पाणी आलं नाही. बाळ्या, गॉगलच्या आत डोळे भरले.

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रात्री जागवल्या मी. तलावात उतरताना अजून आधी वाकून पाण्याला हात लावतो.

माझा गुडघा बरा, आईची शुगर आटोक्यात. तुझी नांदेडला बदली झाली म्हणे? वहिनींना नमस्कार, धाकटीचं बारावीचं कळव.

श्वास अजून उजवीकडूनच जमतो, दर दोन हातांनी. कोच म्हणतात तीन हातांनी घ्या, म्हणजे दोन्ही बाजू येतात. पण डावीकडं वळलो की विहिरीची ती पायरी दिसते आणि तोंड मिटतं. मे महिन्यात ये. डाव्या काठावर उभा राहा, आणि यावेळी "सोड" म्हणून ओरड.

तुझा,
पंड्या