आधी गवत, मग गॅलरी : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शहरातल्या फुटबॉल मैदानाचा पुनर्विकास होणार असल्याचे फलक लागले आहेत. फलकावर संकल्पचित्र आहे. काचेचं प्रवेशद्वार, रंगीत खुर्च्या, चार कोपऱ्यांत दिव्यांचे मनोरे आणि मधे हिरवंगार मैदान. तो हिरवा रंग गवताचा की प्लास्टिकचा, एवढं मात्र फलकावर नाही.

मी खेळाडू नाही, प्रशिक्षक नाही, कुठल्या संघटनेचा पदाधिकारी तर नाहीच नाही. गॅलरीत बसून घसा बसेपर्यंत ओरडणारा माणूस आहे. मैदानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पत्र 'पुढील कार्यवाहीस्तव' एका टेबलावर जातं आणि तिथंच मुरतं. शिवाय खानदेशातले बरेच फुटबॉलवाले हे वाचून 'हे तर आपलंच ग्राउंड' म्हणतील, याची मला खात्री आहे.

आधी मातीचं बोलू. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन कापसाला नि केळीला मानवते, फुटबॉलला मानवत नाही. पाणी प्याली की ती फुगते, बुटांना चिकटते. सुकली की आक्रसते आणि भेगाळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पेनल्टी बॉक्समध्ये पायाचा अंगठा जाईल एवढ्या भेगा असतात. शालेय स्पर्धा आणि सुब्रतो चषकाच्या, म्हणजे शाळाशाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेच्या, जिल्हा फेऱ्या येतात त्या नेमक्या पावसाळ्यात. म्हणजे सामने असतात तेव्हाच मैदानाचं तळं झालेलं असतं.

यावर आजवरचा सरकारी उपाय एकच : मुरूम. ट्रॅक्टरने आणायचा, पसरायचा, रोलर फिरवायचा, फोटो काढायचा, बिल काढायचं. मुरमावर चिखल कमी होतो हे खरं, पण घसरून टॅकल करणाऱ्या पोराची मांडी सोलून निघते. आमचे गोलकीपर जागेवर उभे राहतात म्हणून बाहेरगावचे लोक हसतात. त्यांनी एकदा मुरमावर डाइव्ह मारून दाखवावी.

खरं काम जमिनीखाली आहे. वरची काळी माती काढायची, तळाला उतार द्यायचा, छिद्रांच्या पाइपांची जाळी अंथरायची, त्यावर खडी, खडीवर वाळू मिसळलेली माती आणि सर्वांत वर गवत. मैदान मधोमध किंचित उंच, म्हणजे पाणी कडेला निघून जातं. यात परदेशी सल्लागार लागावा असं काही नाही. पाणथळ शेतात चर खोदून निचरा करणारे शेतकरी आणि ठिबकचं गणित तोंडपाठ असलेली माणसं जळगाव जिल्ह्यात हवी तेवढी मिळतील. अडचण एवढीच, की जमिनीखालच्या पाइपाला फीत बांधता येत नाही.

गवताचंही तेच. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी कृत्रिम टर्फ उखडून बर्म्युडा गवत लावलं गेलं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. आमचा शेतकरी जी कपाशीतून उपटून बांधावर फेकतो आणि तरी जी मरत नाही, ती. ऊन सोसते, तुडवलेलं सोसते, वाळली तरी मुळातून फुटते. असं असताना आमच्याकडे मात्र टर्फ येणार अशी कुजबुज आहे. टर्फचे फायदे मी नाकारत नाही. चिखल होत नाही, पाऊस थांबला की लगेच खेळता येतं. पण भुसावळच्या उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंशांपुढे जाईल, आणि आठ-दहा वर्षांनी ते बदलावं लागेल. तेव्हाचे पैसे कोण देणार, हे आज कुठल्याही कागदावर लिहिलं जात नाही.

मग पाण्याचा प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर. त्यावर रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर साधारण ३५,७०० लिटर लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. ज्या गावांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं हे पिण्याच्या पाण्यातून मागायची माझी हिंमत नाही. पण सांडपाणी प्रक्रिया करून वापरता येतं, आणि हरळी एप्रिल-मे महिन्यांत थोडी पिवळी पडली तर कुणाचं बिघडत नाही. जूनमध्ये ती उठते.

उठू दिली तर. आमचं मैदान वर्षभर भाड्याने असतं. दिवाळीत फटाक्यांचे स्टॉल, मग गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन, मग लग्नाचे मांडव, निवडणुकीत सभा. मांडववाले खुंट काढून नेतात, खिळे ठेवून जातात. आणि रागावू नका, पण अधूनमधून आपल्यासारख्या मान्यवरांचं हेलिकॉप्टरही इथंच उतरतं. त्यासाठी मैदानाच्या मध्यावर पाणी मारून, दाबून, चुन्याने इतका सुबक गोल आखतात, की आमच्या स्पर्धेलाही तसा कधी आखलेला नाही. भाडं घ्या, हरकत नाही. पण ते मैदानाच्याच खात्यात जमा होऊ द्या, आणि जून ते ऑक्टोबर खेळाशिवाय काही नको.

गॅलरीबद्दल दोन शब्द, कारण तो माझा हक्काचा विषय. मागच्या वेळी ती पूर्वेला बांधली. सामना संध्याकाळी. सूर्य थेट डोळ्यांत! अख्खा दुसरा हाफ आम्ही कपाळावर हात धरून बघतो. मुख्य गॅलरी पश्चिमेला असावी, हे सिव्हिलच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचेल. मुलींच्या चेंजिंग रूममध्ये सतरंज्या नि तुटक्या खुर्च्या भरल्या आहेत, शौचालयाला कुलूप आहे. व्हीआयपी कक्षाला एसी आहे. माझ्या शेजारी बसणारे एक रिटायर्ड रेल्वेवाले म्हणतात, "भो, गेट पाहाले कोन येते? मॅच पाहाले येतात लोकं."

कोल्हापूरचा हेवा वाटतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की गाव लोटतं, आणि तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळला. आम्हाला तालमींची परंपरा नाही हे कबूल. पण पोरं आहेत. १५ सप्टेंबर २०१७ ला शासनाने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' केलं, शाळाशाळांत फुटबॉल पोहोचले. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, शासनाच्या 'प्रोजेक्ट महादेवा' या फुटबॉल योजनेतून १३ वर्षांखालील मुला-मुलींची निवड झाली. दोन्ही वेळेला आम्ही टाळ्या वाजवल्या. फक्त ते चेंडू ज्या जमिनीवर टप्पा घेणार होते, तिच्यासाठी एक माळी नेमावा असं कुणाला वाटलं नाही. आमच्या मैदानाला वॉचमन आहे, त्याच्याकडे किल्ल्या आहेत. गवत कापायचं यंत्र नाही, ते चालवणारा माणूस नाही.

म्हणून विनंती ही, की या कामात माती आणि निचऱ्याचा खर्च आधी धरावा, उरलं तर काच. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, भिंतींसोबत मैदानालाही लागू व्हावा, किमान दोन पावसाळे. देखभालीचं स्वतंत्र लेखाशीर्ष असावं आणि त्यातून कायमचा माळी मिळावा, रोजंदारीवरचा नव्हे.

निविदा निघण्याआधी अंदाजपत्रकाची एक प्रत, माती परीक्षणाच्या अहवालासह, मैदानाच्या दारावर लावायला सांगा. आम्ही वाचू. समजलं नाही तर विचारू. आमच्या गॅलरीत ठिबकवाले आहेत, रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर आहेत, वकीलही आहेत. जुलैत जिल्हा फेऱ्या सुरू होतील. काम कधी सुरू होणार हे त्याआधी कळलं, तर यंदा पोरांना सरावाला कुठं न्यायचं ते ठरवता येईल.

आपला,
गॅलरीतला एक प्रेक्षक
भुसावळ, जि. जळगाव