चेस विमानातील साहेबांना

आदरणीय साहेब,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या निरोप समारंभात एका वरिष्ठांनी ‘सर्वांच्या दक्षतेमुळे’ सुखरूप परतलेल्या त्या चाचणी उड्डाणाचा अभिमानाने उल्लेख केला आणि मी हातातल्या गुच्छाकडे पाहत गप्प बसले. उजव्या चाकाच्या कप्प्याशी हायड्रॉलिक तेलाचा, म्हणजे दाबाने विमानाचे भाग हलवणाऱ्या तेलाचा, ओघळ दिसतो, अशी लेखी नोंद मी दोनदा केली होती. ‘भरताना सांडले असेल’ असा शेरा मारून ज्यांनी ती दोन्ही वेळा मिटवली, तेच हे वरिष्ठ. त्यांचे नाव मी लिहीत नाही. आपले लिहावेसे फार वाटते, पण ते आपल्याला आवडणार नाही.

त्या सकाळी उडत्या विमानाची मोजमापे रेडिओने जिथे येतात त्या आमच्या टेलिमेट्री कक्षातील पडद्यावर सारे ठीक होते. ठीकच दिसणार होते, कारण गळतीत आधी टाकीतली पातळी उतरते आणि पंपाला तेल मिळत असते तोवर दाब जागचा हलत नाही. आम्ही दाब पाहत बसलो होतो. आपण मात्र चाचणीच्या विमानासोबत उडून त्याच्यावर नजर ठेवणारे आपले चेस विमान त्याच्या पोटाखाली नेलेत आणि भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात, उजव्या चाकाच्या कप्प्याच्या दारामागे ओली रेघ लांबत चालली आहे, असे रेडिओवर सांगितलेत. विमान परत बोलावले गेले आणि चाके धावपट्टीला टेकली तेव्हाही दाब शाबूत होता.

इतक्या जवळून उडणे किती जोखमीचे, हे आपल्याला मी काय सांगणार? ८ जून १९६६ रोजी कॅलिफोर्नियात छायाचित्रासाठी रचलेल्या ताफ्यात जो वॉकर यांचे एफ-१०४ लढाऊ विमान शेजारच्या प्रचंड एक्सबी-७० या प्रायोगिक बॉम्बर विमानावर आदळले. एक्स-१५ हे रॉकेट विमान उडवलेले वॉकर गेले आणि एक्सबी-७० चे सहवैमानिक कार्ल क्रॉसही गेले. तरीही १४ एप्रिल १९८१ रोजी ‘कोलंबिया’ स्पेस शटल पहिल्या मोहिमेवरून कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावर उतरत असताना जॉन मॅकब्राइड टी-३८ जेट घेऊन तिच्या शेजारी होते आणि उरलेली उंची फुटाफुटाने सांगत होते. उतरणाऱ्याला स्वतःची चाके दिसत नाहीत, ती शेजाऱ्यालाच पाहावी लागतात.

उतरल्यावर आपण थेट बैठकीला गेला नाहीत. हेल्मेट काखेत धरून हँगरमध्ये आलात, मी बॅटरी घेऊन त्या दारापाशी होते तिथे उकिडवे बसलात आणि मांडीवरच्या पॅडचा कागद फाडून माझ्या हातात दिलात. त्यावर पेन्सिलीने दाराची चौकट काढली होती, ओघळ सुरू होतो तिथे फुली होती आणि कडेला घड्याळातल्या दोन वेळा टिपल्या होत्या. दिवसभर इंग्रजीत चालणाऱ्या त्या जागेत आपण मराठीत म्हणालात, “ताई, तुम्ही लिहिलं होतं तिथूनच येतंय. बैठकीत आधी तुम्ही बोला.”

म्हणजे उड्डाणाआधी आपण मिटवलेल्या नोंदीही वाचल्या होत्या! आपल्यावर ते बंधन नव्हते. हुशार माणसे मी नोकरीत पुष्कळ पाहिली. दुसऱ्याने आधी पाहिलेले त्याच्या नावावर राहू देणारी मात्र फार थोडी भेटली.

मी बोलले. आवाज कापत होता, तरी बोलले. तेव्हा आपले आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते. तो कागद माझ्याकडे आहे. आपण दारावरून बोट फिरवून मग तो धरला होता, त्या लालसर तेलाचा ठसा कोपऱ्यावर अजून दिसतो.

आपली कृतज्ञ,
टेलिमेट्री कक्षातील एक निवृत्त अभियंता