आई-अण्णांना, बँड सोडल्याबद्दल

ती. आई आणि ती. अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर अण्णांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई आपल्या मनानं पुरं करून सांगते, म्हणून लिहितेय. बँड सोडला. विचारायला लिहीत नाहीये, ठरलंय, सह्याही झाल्यात. नव्या वर्षापासून एकटीच्या नावानं गाणार-वाजवणार. भांडण झालेलं नाही, कुणी काढलेलं नाही, कुणाचे पैसे अडकलेले नाहीत. आई, तू हे तिन्ही प्रश्न याच क्रमानं विचारणार, म्हणून आधीच उत्तरं दिली.

चांगलं चाललेलं कशाला मोडायचं, असं अण्णा म्हणतील. त्यावर इंग्रज गायक स्टिंगचं सांगते. माझ्या खोलीच्या भिंतीवरचा, आई ज्याला 'उपाशी दिसतो बिचारा' म्हणायची तोच. खरं नाव गॉर्डन समनर. इंग्लंडच्या उत्तरेला वॉलसेंड म्हणून जहाजं बांधणाऱ्यांचं गाव आहे, तिथला. वडील दूध घालायचे, पहाटेच्या फेरीला पोरालाही न्यायचे. दोन वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होता. ती नोकरी सोडून लंडनला गेला आणि १९७७ मध्ये तिघांचा 'द पोलीस' उभा राहिला. मार्च १९८० मध्ये हा बँड मुंबईतही वाजवून गेलाय. १८ ऑगस्ट १९८३ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ७०,००० च्या आसपास माणूस समोर होतं. याच्यावर आता काही नाही, थांबायचं तर इथेच, असं त्या कार्यक्रमातच वाटल्याचं त्यानं पुढे सांगितलंय. म्हणजे अगदी चांगलं चाललेलं असतानाच. १९८५ मध्ये त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला.

एकट्याचा म्हणजे नावापुरता एकट्याचा. जाझवाले घेतले त्यानं: सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस, पियानोवर केनी कर्कलंड, ड्रमवर ओमर हकीम. आणि बेसवर, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारवर, डॅरिल जोन्स, जो जाझमधल्या नावाजलेल्या माइल्स डेव्हिसकडे वाजवत होता. जे वाद्य हातात घेऊन स्वतः मोठा झाला तेच दुसऱ्याला दिलं आणि आपण गिटार घेतली. बँड सोडण्याहून हे धाडस मला मोठं वाटतं. मीही बेसच वाजवते ना. बँडमध्ये बेसवाल्यानं ड्रमला धरून राहायचं असतं, त्यात गाणाऱ्याचा गळा उघडायला जागा कमी. माझी गाणी आता हळू झालीत, त्यांना ती जागा हवी आहे. यापलीकडे सोडण्याचं कारण नाही, बघा.

आता पैशाचं, कारण अण्णा इथपर्यंत चष्मा कपाळावर ढकलून वाचत असतील. गाण्याचे हक्क दोन असतात. शब्द-चाल ज्याची, त्याचा एक. रेकॉर्डिंग ज्यानं पैसे घालून केलं, त्याचा दुसरा. पोलीसचं सगळ्यांत गाजलेलं गाणं १९८३ चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक'. त्यातली गिटारची सुरावट बँडमधल्या गिटारवाल्या अँडी समर्सनं बसवली, पण रचनाकार म्हणून नाव एकट्या स्टिंगचं. १९९७ मध्ये पफ डॅडी या रॅपरनं तीच सुरावट उचलून नवं गाणं केलं, ते जगभर वाजलं, आणि रचनेचा पैसा स्टिंगकडे गेला, समर्सकडे नाही. कायद्यानं बरोबर असेल, पण मित्रामित्रांत असं नको. म्हणून मी निघण्याआधी आम्ही चौघांनी बसून एकेका गाण्यापुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, हे लिहून काढलं. माझी ती माझी, एकत्र बसवलेली २५-२५ टक्के, रेकॉर्डिंगं चौघांची समान. बँडचं नाव त्या तिघांकडेच राहील. गीतकार आणि संगीतकार अशी दोन्ही नोंद आयपीआरएसकडे, म्हणजे रचनेची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या सोसायटीकडे, केलीय. हॉटेलात, रेडिओवर, मोबाइलवर गाणं वाजलं की रचनेचा हिस्सा तिथून येतो. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, फक्त वारसांना किंवा अशा सोसायटीलाच देता येतो. आणि रचनेचा हक्क हयातभर, त्यानंतर ६० वर्षं. (दादाच्या पोरांना सांगा, आत्यानं काहीतरी ठेवलंय.)

यावर घर चालेल असं मात्र म्हणत नाही. ऐकणाऱ्यागणिक मिळतात ते रुपयांत नाही, पैशांतच मोजावे लागतात. घर चालेल शिकवण्यांवर आणि जाहिरातींना बेस वाजवून, ते आधीही चालूच होतं. कार्यक्रमाचं मानधन बँडपेक्षा कमी मिळेल, पण चौघांत वाटायचं नाही, टेम्पो नाही, ड्रमची हमाली नाही. सहा महिन्यांचा खर्च एफडीत आहे, त्याला हात लावलेला नाही. घर तेच, डबा त्याच काकूंचा. भाकरी त्यांना तुझ्यासारखी जमत नाही, आई, पण भाजी झणझणीत असते.

एकटीनं वाजवायचं कसं, तर लूपर म्हणून पायानं दाबायचं यंत्र असतं. बेसची आठ मात्रांची ओळ वाजवायची, समेवर पाय दाबला की ती फिरत राहते. तिच्यावर गिटारच्या लाकडावर बोटांनी ठेका, मग सूर, मग गाणं. पाय समेच्या किंचित मागं पडला की दर आवर्तनाला तीच खोट येते आणि वरचा प्रत्येक थर त्या खोटीवर बसतो. अशा वेळी लोकांसमोर पुसून पुन्हा सुरू करायचं, पुढे रेटायचं नाही. गायचा माइक लूपरमधून न्यायचा नाही, थेट मिक्सरला द्यायचा. नाहीतर स्पीकरमधलं त्यातच परत रेकॉर्ड होऊन सगळं गढूळ होतं. मंडपात जनरेटरला अर्थिंग धड नसलं की घूं असा आवाज येत राहतो. काही जण प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. आवाज जातो, पण माइकला ओठ लागला की झटका बसू शकतो. आई, तुला हीच भीती होती ना? माझ्याकडे डीआय बॉक्स आहे, वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची डबी, त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, पिन न काढता आवाज जातो.

आणि कान. ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतात, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० वर पंधरा मिनिटं. ड्रमशेजारी दोन तास उभं राहणं काय असतं ते यावरून कळेल. अण्णा, तुमचे कान वयानं गेले असं तुम्ही म्हणता, म्हणा. कापडाच्या मागांच्या शेडमध्ये कापसाचे बोळे घालून किती वर्षं काढलीत ते मला माहीत आहे. कुणाला दोष नाही देत, तेव्हा त्याच मागांवर आमच्या फिया भरल्या जात होत्या. पण माझे कान मी राखणार.

स्टिंगचं एक राहिलं. १९८७ मध्ये त्याचे वडील गेले. त्यानंतर बराच काळ त्याला काही लिहिताच येईना, आणि मग १९९१ चा सगळा अल्बमच वडील आणि त्या जहाजांच्या गावावर आला. हे का लिहिलं ते सोडा. आता शनिवार-रविवार बँडचे नाहीत, दर महिन्याला हुतात्मा एक्सप्रेसनं येणार आहे, एवढंच म्हणायचं होतं. आले की तुझ्याजवळच निजणार, आई, चादर ओढायची नाही. आणि पोलीसच्या तिघांनी २००७-०८ मध्ये पुन्हा एकत्र येऊन जगभर दौरा केला, तेव्हा आमचंही काही तुटलेलं नाही.

आता ऐका. अण्णा, कानाच्या यंत्राचा सेल नारिंगी पट्टीचा १३ नंबरचाच आणायचा. पट्टी सोलली की लगेच आत घालू नका, तो हवेनं सुरू होतो, मिनिटभर उघडा ठेवा. पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही, ती काटकसर बंद. रात्री कप्पा उघडा टाका. उन्हाळ्यात घाम उतरतो, तेव्हा यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा, सेल बाहेर काढून, नाहीतर सेल सुकतो. फ्रीजमध्ये तर सेल मुळीच ठेवायचे नाहीत; आई, तुलाच सांगतेय.

फेब्रुवारीत हुतात्मा स्मृतिमंदिरात माझा कार्यक्रम आहे. त्याआधी अण्णांनी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन यंत्रात संगीताचा वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्यायचा. रोजच्या बोलण्याचा प्रोग्रॅम लांब सुराला शिट्टी समजून दाबतो, सूर थरथरतो, आणि मग तुम्ही म्हणाल पोरगी बेसूर गायली. मधल्या रांगा धरा, स्पीकरसमोर बसू नका. शेजारच्या मावशींना पास वेगळे पाठवते.

तुमची,
बेबी

ता. क. पाणी येईल त्या दिवशी टाकी बघायला अण्णांनी गच्चीवर चढायचं नाही. दादाला सांगितलंय.