माशाविना दाशी: निशी-कासाईच्या काकूंना

आदरणीय काकू,

टोकियोतल्या निशी-कासाईत नव्याने आलेल्या किती शाकाहारी घरांना तुम्ही स्वयंपाकात आधार दिलात, याची कुठे नोंद नाही. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानते आहे. तुम्ही मला ताकिकोमी गोहान शिकवलात. भाज्या आणि चवीचं पाणी घालूनच शिजवलेला हा जपानी भात आता आमच्या घरचा झाला आहे.

गाजर, मशरूम, तळलेलं तोफू, भात... बघताना सगळं चालण्यासारखं वाटतं, पण भात शिजतो तो कात्सुओबुशीच्या, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या दाशीत (दाशी म्हणजे चवीसाठी काढलेलं अर्काचं पाणी). तयार दाशीच्या पुड्यांतही बहुतेक वेळा तोच असतो. हा पदार्थ आपला नाही, असं मी धरून चालले होते. तुम्ही मात्र मला बौद्ध मठांतल्या शोजिन स्वयंपाकाबद्दल सांगितलंत. तिथे मासा नाही, कांदा-लसूणही नाही, आणि दाशी होते कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि सुक्या शिताके मशरूमची. म्हणजे आमच्यासाठी पदार्थात तडजोड करायची गरजच नव्हती. तुम्ही ही वाट दाखवलीत, याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत.

एक लिटर गार पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू आणि तीन-चार सुके शिताके रात्रभर फ्रीजमध्ये. एवढंच! 1908 साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बूतूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. शिताकेत ग्वानिलेट हे उमामी वाढवणारं दुसरं द्रव्य असतं. दोन्ही एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त खुलते, हे तुम्ही मला तीन वाट्या पुढ्यात ठेवून चाखवलंत. तशी शिकवण पुस्तकातून मिळाली नसती.

तुमच्या प्रत्येक सूचनेला कारण असायचं. तांदूळ आधी साध्याच पाण्यात अर्धा तास भिजवायचा, कारण सोया सॉसच्या मिठामुळे दाणा पाणी नीट पीत नाही. दोन गो तांदळाला, म्हणजे साधारण 300 ग्रॅमला, दोन मोठे चमचे सोया सॉस, तितकीच साके (तांदळाची दारू), एक चमचा मिरिन (स्वयंपाकातली गोड साके). हे आधी ओतायचं आणि मग राइस कुकरच्या आतल्या खुणेपर्यंत दाशी. भाज्या वर पसरायच्या, ढवळायच्या नाहीत. मिसळल्या तर पाणी खालून वर नीट फिरत नाही आणि मधला तांदूळ कच्चा राहतो. तुम्ही ओसाकात राहिलेल्या, त्यामुळे तुमच्या घरी या भाताचं नाव कायाकु गोहान आणि सोया सॉस उसुकुची जातीचा. रंगाने फिकट, पण जास्त खारट, म्हणून जरा हात आखडून.

गोबो, म्हणजे बर्डॉकचं लांबट मूळ, मात्र तुमच्याकडूनच शिकावा. साल सोलायची नाही, सुरीच्या पाठीने नुसती खरवडायची. मग पेन्सिलला टोक काढावं तसे पातळ काप थेट पाण्यात पाडायचे. आबुराआगेवर, म्हणजे तळलेल्या तोफूवर, उकळतं पाणी ओतून तेल काढायचं. कोन्न्याकु उकळून घ्यायचा. तो आपल्या सुरणाच्याच कुळातल्या कंदाचा, तोही चुना घालून घट्ट केलेला, हे तुम्ही सांगितल्यावर माझ्या सासूबाईंनी तो पहिल्यांदा चवीने खाल्ला. त्यांना तुम्ही दिलेला हा मान मी विसरणार नाही.

पुण्याला परतल्यावर इंद्रायणी तांदूळ वापरते. मऊ आणि चिकट असल्यामुळे तो या भाताला छान जमतो. गोबो इथे मला मिळत नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही घालत नाही. तो मातकट सुगंध दुसऱ्या कशालाच नाही. फरसबी घालून बघितली, चांगली लागते, पण तो वेगळा भात. शिजल्यावर दहा मिनिटं वाफेवर ठेवते, मग तळाची खरपूस ओकोगे हलक्या हाताने वर घेते. तिच्यावरून मुलांची भांडणं अजून होतात.

तुमच्या ओळखीने शिकलेल्या दोन मैत्रिणी आता तिथे इतरांना शिकवतात, हे तुम्हाला कळावं म्हणूनही लिहिलं. शरद ऋतूतल्या चेस्टनटच्या कुरी गोहानमध्ये सोया सॉस नाही, फक्त मीठ आणि साके, इतकं लक्षात आहे. मिठाचं प्रमाण तेवढं कळवा. रविवारी फोन करते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शेजारीण