आमच्या अल्बमच्या साउंड इंजिनियर दादाला जाहीर थँक्यू

दादा, नाव टाकलं तर तू ओरडशील म्हणून टाकत नाहीये, पण वाचलंस की कळेलच. आमच्या थ्रॅश (मेटलचा सुसाट प्रकार) बँडचा अल्बम आल्यापासून लोकांचे मेसेज येतायत, रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे) काय टाइट आहेत, गिटार टोन कसला खतरनाक आहे, आणि आम्ही निर्लज्जासारखं थँक्यू थँक्यू म्हणत सुटलोय. तर खरं श्रेय कोणाचं ते एकदाचं लिहून टाकतो.

रेकॉर्डिंगला आल्या आल्या तू माझ्या अँपचा गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, निम्म्यावर आणलास. मला वाटलं, गेलं, थ्रॅश राहिला बाजूला. मग तू अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावलास, ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल, आणि म्हणालास आता पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून) मार. खालचा सगळा गचाळा साफ, उरला फक्त पिकचा खटका! पण गेन कमी म्हणजे हात उघडा पडतो, चुका लपत नाहीत, हे पण तेव्हाच कळलं. त्यात डबल ट्रॅकिंग, एक टेक डावीकडे, तोच रिफ पुन्हा वाजवून उजवीकडे, आणि कॉपी पेस्ट चालत नाही कारण सेम टेक दोन्हीकडे टाकला की आवाज पसरायच्या ऐवजी मधोमध येऊन बसतो. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० ठोके) सोळाव्या नोट्स, एका ठोक्यात चार, म्हणजे दोन स्ट्रोकमध्ये फक्त ७५ मिलिसेकंद, तेवढ्यात दोन्ही टेक जुळवायचे. मनगटाची वाट लागली, तू मात्र शांतपणे "ट्यून कर, परत घेऊ".

आमच्या ड्रमरला कुठूनतरी कळलं की स्लेअर या अमेरिकन थ्रॅश बँडच्या १९८३ च्या पहिल्या अल्बमला ड्रम आणि सिंबल वेगवेगळे रेकॉर्ड केलेले, मग काय, त्याला पण तसंच हवं. सिंबल नसताना हवेत हात मारून तुझा जोर जाईल, एवढंच म्हणालास तू आणि विषय संपला. त्याची डबल किक (दोन पायांनी वाजवलेला बेस ड्रम) कॉम्प्युटरमध्ये तालाच्या ग्रिडवर ओढून चापूनचोपून बसवायलाही तू नाही म्हणालास. फिलमध्ये, म्हणजे मधल्या भरावाच्या तुकड्यांत, तो जरा पुढे पळतो ते तसंच ठेवलंस, आणि मला विचाराल तर अल्बममधल्या सगळ्यात भारी जागा त्याच आहेत.

बास पण ऐकू येतोय रे! आवाजाचा खालचा जाड भाग क्लीन, वरच्या भागाला डिस्टॉर्शन, दोन वेगळे ट्रॅक. आमचा बासिस्ट तेव्हापासून जमिनीवर नाहीये, ते तुझ्यामुळेच, आता तूच निस्तर.

पैशांचं बोलतो. स्लेअरचा तो अल्बम त्यांचा गायक-बासिस्ट टॉम अरायाच्या सेव्हिंगमधून आणि गिटारिस्ट केरी किंगच्या वडलांकडून उसने घेऊन झाला. आमच्याकडे सेव्हिंग नव्हतं आणि तसे वडील पण नव्हते, तू होतास. जमेल तसे द्या म्हणालास आणि नंतर एकदाही विषय काढला नाहीस.

बाकी तिसऱ्या गाण्याचा सोलो अजून थोडा वर हवा होता हे माझं मत कायम आहे. भेटलो की भांडू. आणि राहिलेला हप्ता या महिन्यात नक्की, आईशप्पथ.