अळिंबीच्या पेटीला साठ वॅट पुरतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की वर्तमानपत्रांच्या शेतीच्या पानांवर धिंगरी अळिंबीचे, म्हणजे ऑयस्टर मशरूमचे, लेख येऊ लागतात. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘बेड भरल्यावर तापमान २४ ते २६ अंश ठेवावे.’ बेड म्हणजे भुसा आणि बियाणं भरलेली पिशवी. तिचं तापमान तेवढं ठेवायचं कसं, हे मात्र वाचणाऱ्याने आपलं आपण शोधायचं. मग निफाड-सिन्नरकडे पहाटे पारा दहाच्या आसपास आला की कोणी पंधराशे वॅटचा ब्लोअर लावतो, कोणी बादलीचा रॉड टबात सोडतो, कोणी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतो. शेगडीचं तर नावच काढू नये. तिच्या धुराने बेडचं काय होईल ते होवो, पहाटे दार उघडून आत जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. आठवडाभरात बेडवर हिरवे डाग दिसतात आणि सगळा दोष बियाण्यावर जातो.

मुळात गरज किती, हे आधी मोजावं. दहा-बारा बेडची पेटी धरू: ६० सेंमी लांब, ६० रुंद, ९० उंच, आतून सगळीकडून २५ मिलिमीटरचा थर्मोकोल. हिचा एकूण पृष्ठभाग २.८८ चौरस मीटर होतो. बाहेर १० अंश आणि आत २५ असतील, तर भिंतींतून जाणारी उष्णता सुमारे ५० वॅट. फटींतून जाते ती धरून ६०. थर्मोकोल ५० मिलिमीटरचा लावला तर गरज जवळजवळ निम्मी होते. नुसत्या प्लायवूडच्या पेटीला मात्र दीडशे वॅटही कमी पडतात. म्हणजे पैसे घालायचे ते थर्मोकोलवर आणि सांधे फॉइल टेपने बंद करण्यावर. हीटर हा त्यातला सगळ्यात लहान भाग.

मोठा हीटर लावून त्याला तापमान बघून चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बसवला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडच्या हिवाळ्यात हे अंगाशी येतं, कारण देशावर याच दिवसांत दुपारी २८ ते ३० अंश असतात. पहाटे लागणारा हीटर दुपारी पूर्ण बंदच हवा. थर्मोस्टॅटच्या रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, पॉइंट कधीतरी चिकटतात आणि तो ‘बंद’ दाखवत असतानाही हीटर चालू राहतो. वरच्या पेटीत ६० वॅट अखंड चालले तर आतलं तापमान बाहेरपेक्षा १५ अंशांनी वर जातं. पहाटे ते २५ होईल, चालून जाईल. दुपारी ४३ ते ४५ होईल, म्हणजे बेडमधली अळिंबीची सगळी बुरशी मेली. पंधराशे वॅटला तर पेटी पेटायला दुपारची वाटही बघावी लागणार नाही. थंडीने बुरशी फक्त मंदावते, चार दिवस उशीर होतो. उष्णतेने ती मरते आणि तिच्या जागी हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, हातपाय पसरते. तेव्हा हीटर असा निवडावा की तो बिघडून चालूच राहिला तरी नुकसान करू शकणार नाही.

आमच्या मते यासाठी घरी करता येण्याजोगी सगळ्यात चांगली जोडणी पाण्याची. माशांच्या टाकीत वापरतात तो काचेच्या नळीचा १०० वॅटचा हीटर घ्यावा. त्याच्या डोक्यावर तापमानाची चकती असते, ती ३२ वर ठेवावी, म्हणजे बाहेरचा थर्मोस्टॅट चिकटला तरी पाणी ३२ च्या वर जात नाही. ४० बाय ३० सेंमीचा पसरट प्लास्टिक टब घेऊन त्यात साधारण १४-१५ लिटर पाणी भरावं आणि टब पेटीच्या तळाशी दोन विटांवर ठेवावा. विटांमुळे टबाच्या बुडाकडूनही हवा तापते. उभट बादली घेऊ नये, तिचं तोंड लहान पडतं. हीटर आडवा, पूर्ण बुडलेला, टबाच्या भिंतीला टेकणार नाही असा रबरी चोषकांनी बसवावा. ‘पाण्याखाली चालणारा’ असं खोक्यावर लिहिलेलं नसेल तर त्याचं डोकं पाण्याबाहेर ठेवावं लागतं, हे आधी वाचून घ्यावं. टबावर सैल झाकण हवंच. झाकण नसेल तर पेटीत वाफ साचते, थर्मोकोलवरून थेंब ओघळतात आणि बेडच्या भोकांवर किंवा स्पॉनच्या, म्हणजे बियाण्याच्या, बाटलीच्या कापसाच्या बोळ्यावर पडतात. बोळा एकदा ओला झाला की दूषित बुरशीला आत शिरायला वाट मिळाली. पिशवीतल्या भुशात पाणी पुरेसं असतं, या टप्प्यावर बाहेरून ओलावा द्यायची गरज नाही.

पाण्याचा आणखी एक फायदा लोडशेडिंगमध्ये कळतो. १५ लिटर पाणी ३२ वरून २६ अंशांवर येताना शंभर वॅट-तासांहून थोडी जास्त उष्णता सोडतं, म्हणजे दोन तासांची सोय. उलट बाजूही आहे: गार पाणी भरून सुरू केलं तर ते तापायला अडीच-तीन तास लागतात. म्हणून जोडणी बेड ठेवण्याच्या आदल्या दिवशी चालू करावी.

हवा फिरवायला संगणकातला १२ व्होल्टचा पंखा, ८० किंवा १२० मिलिमीटरचा, ॲडॉप्टरवर चोवीस तास चालू ठेवावा. त्याचा झोत टबाच्या झाकणावरून जावा, बेडच्या भोकांवर नको. पंखा नसला तर वरच्या आणि खालच्या फळीत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो.

नियंत्रणासाठी अंडी उबवण्याच्या यंत्रांत वापरतात तो एसटीसी-१००० जातीचा २३० व्होल्टचा थर्मोस्टॅट पुरतो. त्याच्या मागे आठ स्क्रू असतात: १-२ ला वीज, ३-४ ला सेन्सर, ५-६ हीटरसाठी, ७-८ गारव्यासाठी. सर्वाधिक चूक इथे होते. ५-६ मधून वीज बाहेर येत नाही, तो नुसता स्विच आहे. फेजची तार १ वरून एक फाटा काढून ५ ला द्यायची, ६ वरून हीटरला न्यायची आणि हीटरची दुसरी तार थेट न्यूट्रलला. हे न करता हीटरच्या दोन्ही तारा ५-६ ला लावतात, मग थर्मोस्टॅटचा दिवा लागतो पण पाणी गारच, आणि दुकानदाराशी भांडण. एफ१ म्हणजे हवं ते तापमान, ते २४ ठेवावं. एफ२ म्हणजे फरक, तो १ ठेवावा. मग २३ ला हीटर लागतो आणि २४ ला बंद होतो. ७-८ वर याच रीतीने छोटा बाहेर फेकणारा पंखा जोडला तर २५ ला तो सुरू होतो. हा पंखा चैनीचा नाही. वाढीला लागलेली बुरशी स्वतःच उष्णता सोडते, पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बेडचा गाभा पेटीतल्या हवेपेक्षा २ ते ५ अंशांनी गरम असतो. काट्यावर २६ दिसताहेत म्हणून खूश राहावं, तर आत ३० असतात.

म्हणूनच सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नये. मधल्या फळीवरच्या मधल्या बेडच्या पिशवीला तो चिकटपट्टीने लावावा आणि वरून थर्मोकोलचा छोटा तुकडा दाबून बसवावा, म्हणजे तो हवेऐवजी बेडचं तापमान दाखवतो. बेडमध्ये टोचू मात्र नये. दोन बेडमध्ये चार बोटांची जागा सोडावी. सेन्सर खरा बोलतो का, हे घरच्या ताप बघायच्या डिजिटल थर्मामीटरने तपासता येतं. कोमट पाण्यात दोन्ही एकत्र धरून ३७ अंशांच्या आसपास आकडे ताडून बघावेत, फरक एफ४ मध्ये भरावा. एक-दीड अंशाची चूक नव्या सेन्सरमध्येही निघते.

हीटर पाण्यात आहे, तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय ही जोडणी चालू करू नये. एमसीबी शॉक लागण्यापासून वाचवत नाही. थर्मोस्टॅट पेटीच्या बाहेर असावा. वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा. प्लग काढल्यावर हीटर दहा मिनिटं पाण्यातच राहू द्यायचा. तापलेली काच बाहेर काढली किंवा तिच्यावर गार पाणी ओतलं की ती तडकते. पातळी घटून काच उघडी पडल्यावर घाईने भर घालतात, बहुतेक हीटर त्यातच फुटतात. टबावर पातळीची खूण करून दर दोन दिवसांनी बघावं, आठवड्याला पाणी बदलावं. बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर क्षारांचा पांढरा थर चढतो, तो व्हिनेगरने पुसावा.

पाण्याची दगदग नको असेल त्यांच्यासाठी जुना पिवळा बल्ब आहे. एलईडीचा इथे उपयोग नाही. एकटा बल्ब सतत चालवला तर हजार तासांत, म्हणजे दीड महिन्यात, जातो. १०० वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडावेत. दोघे मिळून सुमारे ६५ वॅट देतात, तार नुसती लालसर दिसते आणि बल्ब वर्षानुवर्षं टिकतात. ते पत्र्याच्या डब्यात, डब्याला अर्थिंग देऊन, थर्मोकोलपासून किमान १५ सेंमी दूर ठेवावेत. थर्मोकोल नव्वद अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि त्याहून फार तापला तर पेट घेतो. बल्बला मात्र पाण्याच्या हीटरसारखी ३२ ची दुसरी मर्यादा नाही. वर सांगितलेला दुपारचा धोका इथे कायम राहतो, म्हणून या जोडणीत सिरीजमध्येच दुसरा थर्मोस्टॅट ३० वर लावून टाकावा.

भंगारातला एका दाराचा फ्रिज मिळाला तर पेटी करायचं कामच वाचतं. त्याला पंचवीस-तीस वॅट पुष्कळ झाले. दाराचं रबर घट्ट असतं, म्हणून हवेसाठी वर-खाली दोन भोकं लागतात. ती दारालाच पाडावीत. बाजूच्या भिंतींत गॅसच्या नळ्या असू शकतात आणि नव्या फ्रिजमधला गॅस ज्वालाग्राही असतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गकडच्या वाचकांनी यातलं फारसं काही करू नये. तिथल्या हिवाळ्यात थर्मोकोलची पेटी आणि बेडची स्वतःची ऊब एवढ्यावर बहुतेक रात्री निघतात. दुधी अळिंबीला २८ ते ३२ अंश लागतात, पण तिचा हंगामच उन्हाळ्याचा, तिच्यासाठी हिवाळ्यात वीज जाळणं परवडत नाही.

बेड बिघडला की नाही, हे नाकाला डोळ्यांआधी कळतं. चांगल्या बेडला ताज्या अळिंबीचा मंद वास येतो, बियाण्यातल्या गव्हाच्या दाण्यांभोवती पांढरे धागे कापसासारखे फुललेले दिसतात. तळाला पिवळसर पाणी साचलं आणि आंबूस वास आला, तर तो बेड जास्त तापलाय. तो लगेच बाहेर काढावा आणि सेन्सर कुठे लावलाय ते बघावं. पंधरा ते वीस दिवसांत बेड पूर्ण पांढरा झाला की पेटीतून काढून वाढीच्या खोलीत न्यावा. पेटीतच कोंब येऊ दिले तर त्यांना लागणारी ८०-९० टक्के आर्द्रता आणि विजेच्या वायरी एका जागी येतात. पुढची खेप ठेवण्याआधी पेटी स्पिरिटने पुसतात. पुसताना प्लग काढलेला असावा आणि दार अर्धा तास उघडं ठेवावं.

कळावे,
आपले,
अळिंबी उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक