बंड मोडले, पण जाब कोणी दिला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रशियातील वॅग्नर या भाडोत्री फौजेच्या २०२३ मधील फसलेल्या बंडाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा फिरते ती तिचा मालक येवगेनी प्रिगोझिन या एका माणसाभोवती. तो तुरुंगातून सुटून खानपानाच्या धंद्यात कसा शिरला, क्रेमलिनपर्यंत कसा पोहोचला आणि त्याचे विमान कसे कोसळले, हे बहुतेकांना ठाऊक असते. नाशिकरोडच्या तोफखाना अभिलेख कार्यालयात जवानांची कागदपत्रे सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मला त्या माणसापेक्षा बंडानंतरच्या व्यवहाराची चिंता अधिक वाटते. त्या दोन दिवसांत जे मारले गेले आणि त्याआधी या फौजेत भरती होऊन जे मेले, त्यांचा जाब कोणी दिला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. सर्व स्वयंसेवी तुकड्यांनी १ जुलैपर्यंत संरक्षण मंत्रालयाशी करार करावा, असा आदेश १० जून २०२३ रोजी निघाला आणि आपली फौज हातची जाणार हे प्रिगोझिनने ओळखले. २३ जूनच्या रात्री त्याने बंड पुकारले. २४ तारखेला रोस्तोव्ह-ऑन-डॉन येथील दक्षिण लष्करी विभागाचे मुख्यालय वॅग्नरच्या ताब्यात होते आणि त्यांचा ताफा मॉस्कोच्या रोखाने निघाला होता. बेलारूसचे अध्यक्ष लुकाशेन्को यांच्या मध्यस्थीनंतर संध्याकाळी तो माघारी वळला.

या कूचदरम्यान वॅग्नरने रशियन वायुदलाची अनेक हेलिकॉप्टर आणि एक इल्युशिन-२२ विमान पाडले. आतील वैमानिक आपल्याच देशाच्या भूमीवर, आपल्याच देशाच्या माणसांच्या माऱ्यात ठार झाले. २६ जूनच्या भाषणात पुतिन यांनी त्यांचा शूर म्हणून गौरव केला आणि लगेच दुसऱ्या दिवशी तेथील सुरक्षा यंत्रणेने सशस्त्र बंडाचा खटला बंद केल्याचे जाहीर केले. बंडखोरांनी आपली कृती थांबवली, एवढे कारण त्यासाठी पुरेसे ठरले. २९ जूनला प्रिगोझिन आणि त्याचे कमांडर क्रेमलिनमध्ये अध्यक्षांसमोर बसले होते. वैमानिकाच्या विधवेने हे वाचले असेल, तेव्हा तिला काय वाटले असेल याचा विचार मनातून जात नाही. कर्तव्यावर असलेला माणूस मारला जातो, मारणारे कोण हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी न्यायालयाची पायरी कोणालाच चढावी लागत नाही.

पुढे २३ ऑगस्टला त्वेर प्रांतात विमान कोसळून प्रिगोझिन आणि त्याचा सहकारी दिमित्री उत्किन यांच्यासह दहाजण मरण पावले. त्यांत विमानाचे कर्मचारीही होते, ज्यांचा बंडाशी काडीचाही संबंध नव्हता. विमान ब्राझीलमध्ये बनलेले असल्याने त्या देशाने तपासात सहभागाची तयारी दाखवली, परंतु आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तूर्त तपास करणार नसल्याचे रशियाने त्यांना कळवले. म्हणजे बंडात मेलेल्यांचा खटला उभा राहिला नाही आणि बंडखोराच्या मृत्यूचाही खुला तपास झाला नाही.

याहून गंभीर बाब पैशाची आहे. वॅग्नरशी सरकारचा संबंध नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. बंड शमल्यावर मात्र पुतिन यांनीच सांगितले की, मे २०२२ ते मे २०२३ या एका वर्षात या फौजेच्या पगार व प्रोत्साहन भत्त्यांपोटी सरकारी तिजोरीतून ८६ अब्ज रुबलहून अधिक रक्कम दिली गेली. रशियाच्याच दंडसंहितेत भाडोत्री सैनिकगिरी हा गुन्हा आहे. मग हा पैसा कोणत्या आधारावर आणि कोणाच्या सहीने गेला, याची उघड चौकशी व्हायला हवी होती.

आपल्या इतिहासात याचा एक दाखला आहे आणि त्याचा धागा नाशिकपर्यंत येतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून करणारे गारदी पगारी शिपाई होते आणि थकलेल्या पगाराचे निमित्त करून ते वाड्यात शिरले होते. परंतु रामशास्त्री प्रभुणे गारद्यांपाशी थांबले नाहीत. गोदाकाठी आनंदवल्लीला वाडा बांधणारे राघोबादादा तेव्हा गादीवर आले होते, तरी शास्त्रीबुवांनी दोष त्यांच्याच पदरात घातला. शस्त्र चालवणाऱ्यामागे उभ्या असलेल्या धन्याला जाब विचारण्याची ही परंपरा आपली आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो.

आमच्या कार्यालयात जवानाचे लग्न झाले, मूल झाले, तरी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या बदलाचा कार्यालयीन आदेश, निघत असे आणि शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवापत्रकात, नोंद होत असे. वारसाच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी कुटुंब निवृत्तिवेतन अडते, म्हणून आम्ही ती नावे पुन्हा पुन्हा ताडून पाहत असू. वॅग्नरने तुरुंगांतून कैदी उचलले, सहा महिने लढल्यास माफी मिळेल असे सांगून. युक्रेनमधील बाखमुतच्या लढाईत आपली सुमारे २०,००० माणसे गेली आणि त्यांतील निम्मे कैदी होते, असे प्रिगोझिननेच मे २०२३ मध्ये सांगितले. फौजेच्या मालकाच्या तोंडून आलेला आकडा हीच जिथे मृतांची जाहीर नोंद, तिथे वारसाने कोणत्या खिडकीवर अर्ज द्यायचा? विमान कोसळल्यावर दोनच दिवसांनी अशा तुकड्यांतील लोकांना शपथ सक्तीची करणारा हुकूम निघाला. आमच्या तोफखाना केंद्रात मात्र कसम परेड, म्हणजे शपथविधीचे संचलन, झाल्याशिवाय जवान युनिटकडे जात नाही.

हे सारे दूरचे नाही. रशियन सैन्यात नोकरी करणाऱ्या १२६ भारतीयांची प्रकरणे समोर आल्याचे, त्यांतील १२ जण मरण पावल्याचे आणि १६ जणांचा ठावठिकाणा लागत नसल्याचे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. ते खासगी फौजेत नव्हते, परंतु त्यांतील अनेकांना मदतनीसाचे काम सांगून दलालांनी नेले होते. अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच कायम केले जाते. उरलेले पंचविशीच्या आतबाहेरचे, शस्त्र हाताळलेले तरुण नोकरीच्या शोधात असतील आणि परदेशी दलालांच्या नजरेत ते भरल्याशिवाय राहणार नाहीत.

म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला माझी विनंती आहे की, सेवेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक अग्निवीराला परदेशातील ‘सुरक्षारक्षक’ नोकरीचे करारपत्र सही करण्याआधी दाखवता येईल, अशी खिडकी तेथे उघडावी. दलाल परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या परदेशी नोकरभरतीच्या संकेतस्थळावरील यादीत नोंदलेला आहे का, पगार कोण देणार आणि मृत्यू झाल्यास वारसाला कोणत्या कायद्याखाली काय मिळणार, एवढे तिथे तपासून मिळाले पाहिजे. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही आग्रहाची विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभिलेख कर्मचारी, नाशिकरोड